मेन कून की नॉर्वेजियन? दोन मोठ्या मांजरांचा इतिहास



आजचा प्रश्न तसा घरगुती आहे. घरात एखादं मोठं, भरपूर केसांचं मांजर आणायचं ठरलंय, आणि निवड दोन नावांवर येऊन थांबली आहे: मेन कून की नॉर्वेजियन फॉरेस्ट कॅट? पशुवैद्याला विचाराल तर तो एक उत्तर देईल, विकणारा दुसरं देईल. मी आज इतिहासाच्या बाजूनं या प्रश्नाकडे बघणार आहे. कारण एक मांजर अमेरिकेच्या ईशान्य टोकाचं, दुसरं नॉर्वेचं, मधे अख्खा अटलांटिक महासागर, आणि तरी दोघं शेजारी बसवली तर शंभरातल्या नव्वद माणसांना ओळखू येणार नाहीत. मग ही दोन मांजरं वेगळी कुणी केली? कधी? आणि त्याची किंमत कुणी मोजली? हे कळलं की निवड करणं सोपं होतं, असं माझं म्हणणं आहे.

आधी त्यांना नीट बघून घेऊ.

दोन्ही मांजरं थंडीची आहेत. अंगावर केसांचे दोन थर: आतला मऊ आणि दाट, बाहेरचा लांब आणि पाणी निथळून टाकणारा. गळ्याभोवती आयाळ, शेपूट झुबकेदार, पायाच्या बोटांमधून बाहेर आलेले केसांचे पुंजके. बर्फावर चालताना त्यांचा उपयोग होतो. मेन कूनचा बोका साधारण सहा ते आठ किलोंचा, कधी त्याहूनही जड. नॉर्वेजियन बोका किंचित कमी. भाट्या दोन्हीकडे लहान असतात. दोघंही सावकाश वाढतात, पूर्ण भरायला तीन ते पाच वर्षं घेतात. आपल्या गल्लीतलं मांजर वर्षा-दीड वर्षात मोठं होऊन संसाराला लागलेलं असतं, त्या मानानं ही फारच निवांत मंडळी.

फरक आहे तो मुख्यतः तोंडवळ्यात. नॉर्वेजियन मांजराला बाजूनं बघा. कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत एक सरळ रेघ उतरते. समोरून डोकं त्रिकोणी, डोळे बदामी आणि किंचित तिरपे. मेन कूनला बाजूनं बघा. डोळ्यांच्या खाली नाकाच्या रेघेला हलकासा खोलगट बाक येतो, आणि तोंडाचा पुढचा भाग चौकोनी, एखाद्या डबीसारखा असतो. कान उंच, मोठे, टोकांवर केसांचे तुरे. बस. एवढाच फरक. ही रेघ आणि ही डबी लक्षात ठेवा, कारण आजची सगळी गोष्ट यांच्याभोवती फिरणार आहे.

वही आधी, जात नंतर

मराठीत आपण ब्रीडला सरळ 'जात' म्हणतो. म्हशीची जात, आंब्याची जात, तशी मांजराची जात. या शब्दात एक गृहीत दडलेलं आहे: जात जन्मानं असते, ती आधीपासूनच आहे, आपण फक्त तिची नोंद करतो. मांजरांच्या बाबतीत हे नेमकं उलट घडलं. वही आधी आली, जात नंतर.

असं का? गाय, घोडा, कुत्रा यांच्याकडून माणसानं हजारो वर्षं वेगवेगळी कामं करून घेतली. ओढायला एक बैल, दुधाला एक गाय, शिकारीला एक कुत्रा, मेंढरं राखायला दुसरा. त्यामुळे कामाप्रमाणे नर-मादी निवडून वाण तयार झाले. मांजराचं काम मात्र एकच, उंदीर मारणं. आणि ते त्याला शिकवावं लागत नाही. मांजराची जोडी कुणी जुळवली नाही. ती रात्री पत्र्यावर आपली आपण जुळत आली, आणि तिचा आवाज सगळ्या आळीनं ऐकला. म्हणून जगभरच्या मांजरांमधे प्रदेशानुसार थोडेफार फरक पडले, पण कागदावरच्या जाती जवळपास सगळ्या गेल्या दीडशे वर्षांतल्या.

या दीडशे वर्षांची सुरुवात साधारणपणे १३ जुलै १८७१ या दिवसापासून मोजतात. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधे त्या दिवशी मांजरांचं मोठं प्रदर्शन भरलं. भरवणारे गृहस्थ हॅरिसन वेअर, व्यवसायानं चित्रकार. मांजराकडे लोकांनी आदरानं बघावं हा त्यांचा हेतू होता. दीडशेहून जास्त मांजरं आली, लोकांची झुंबड उडाली. पण प्रदर्शन म्हटलं की बक्षीस आलं, बक्षीस म्हटलं की परीक्षक आला, आणि परीक्षक आला की त्याला नियम लागतात. उत्तम मांजर कसं असावं, कानाला किती गुण, रंगाला किती, हे वेअर यांनी लिहून काढलं. १८८७ मधे इंग्लंडात नॅशनल कॅट क्लब निघाला, वेअर त्याचे पहिले अध्यक्ष. १८८९ मधे त्यांचं मांजरांवरचं पुस्तक आलं. आणि पुढे याच वेअर यांनी, सभासदांना मांजरांच्या हितापेक्षा बक्षिसांची हाव जास्त आहे अशी तक्रार करत क्लबकडे पाठ फिरवली. ज्यानं दिंडी काढली तोच मधल्या मुक्कामावरून परतला, असं म्हणा ना.

त्या काळच्या प्रदर्शनांत लांब केसांच्या मांजरांना मोठा मान होता. पर्शियन आणि अंगोरा अशी त्यांची दोन नावं होती. युरोपला लांब केसांच्या मांजरांचं वर्णन पुरवणाऱ्यांमधे एक नाव आपल्या ओळखीचं आहे: पिएत्रो देल्ला व्हाल्ले, इटालियन प्रवासी. त्यानं १६२० मधे इराणातून लिहिलेल्या पत्रात खोरासानच्या रेशमी केसांच्या करड्या मांजरांबद्दल लिहिलं आहे. हाच गृहस्थ १६२३ मधे सुरतेला उतरला, चौल आणि गोवा पाहून पुढे इक्केरीला गेला. कोकणच्या इतिहासाच्या अभ्यासकांना त्याची प्रवासपत्रं परिचित आहेत.

त्यामुळे पर्शियन मांजर इराणचं, ही समजूत पक्की झाली. पण २००८ मधे जगभरच्या मांजरांच्या डीएनएचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्यात आजचं पर्शियन मांजर इराणच्या किंवा तुर्कस्तानच्या मांजरांजवळ न जाता पश्चिम युरोपच्या साध्या मांजरांजवळ जाऊन बसलं. म्हणजे नाव इराणचं राहिलं आणि रक्त युरोपचं झालं. नाव आणि रक्त यांची अशी फारकत होऊ शकते, हे ध्यानात ठेवून आता आपण समुद्र ओलांडू.

मेन: चांदीचा पट्टा आणि त्यानंतरची ऐंशी वर्षं

मेन हे अमेरिकेचं ईशान्येकडचं राज्य. खडकाळ किनारा, घनदाट जंगल, लांबलचक हिवाळा. एकोणिसाव्या शतकात इथे लाकडी जहाजं बांधायचा मोठा धंदा होता. बाथ हे गाव तर त्यासाठीच ओळखलं जाई. जहाज म्हटलं की धान्य, धान्य म्हटलं की उंदीर, आणि उंदीर म्हटलं की मांजर. युरोपातल्या बंदरांतून आलेली मांजरं इथे उतरली, शेतांवर गेली, कोठारांत राहिली. ज्यांच्या अंगावर केस जास्त आणि ज्यांची चण मोठी, ती हिवाळा काढू शकली. यात रहस्य काही नाही.

पण रहस्य नसलं की लोकांना चैन पडत नाही. म्हणून दंतकथा आल्या. एक म्हणते, हे मांजर आणि रकून यांची संतती आहे, म्हणून 'कून'. जीवशास्त्राच्या दृष्टीनं हे अशक्य. झुबकेदार पट्टेरी शेपटीवरून सुचलेली ही कल्पना. दुसरी कथा जास्त रंगतदार: फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिनं पळून जाण्याच्या तयारीत आपली लाडकी मांजरं कॅप्टन सॅम्युअल क्लफ याच्या जहाजावर पाठवली, राणीचं डोकं उडालं, मांजरं मात्र मेनच्या किनाऱ्याला लागली. क्लफ नावाचा कप्तान खरा होता. राणीच्या मांजरांचा मात्र पुरावा नाही. आपल्याकडे कसं, गावातलं प्रत्येक जुनं लेणं पांडवांनी एका रात्रीत कोरलेलं असतं, तसंच हे.

लिखित पुरावा सुरू होतो तो १८६१ च्या आसपास. १९०३ मधे फ्रान्सिस सिम्पसन यांचं 'द बुक ऑफ द कॅट' हे जाडजूड पुस्तक निघालं. त्यात मेनच्या मांजरांवर मिसेस पिअर्स या बाईंनी एक प्रकरण लिहिलं आहे. आपल्या घरी १८६१ पासून अशी मांजरं होती असं त्या सांगतात, आणि त्यातल्या एका काळ्या-पांढऱ्या बोक्याचं नाव देतात: 'कॅप्टन जेंक्स ऑफ द हॉर्स मरीन्स'. घरच्या बोक्याला एवढं लांबलचक नाव देणाऱ्या घरात मांजराचं काय स्थान असेल, ते तुम्हीच ठरवा.

मग १८९५ चा मे महिना. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधे अमेरिकेतलं पहिलं मोठं मांजर प्रदर्शन भरलं. सर्वोत्तम मांजराचा मान कुणाला मिळाला? कोझी नावाच्या, तपकिरी पट्ट्यांच्या मेन मांजरीला. बक्षीस काय, तर चांदीचा गळपट्टा. मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची हा आपल्याकडचा जुना प्रश्न. न्यूयॉर्ककरांनी चांदीचा पट्टा बांधून दाखवला. तो पट्टा आजही अमेरिकेतल्या मांजरसंघटनेच्या संग्रहात जपलेला आहे.

इथवर सगळं छान. पण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत चित्र पालटलं. इंग्लंडातून पर्शियन मांजरं येऊ लागली. ती महाग होती, परदेशी होती, त्यांना वंशावळीचे कागद होते. १९०६ मधे कॅट फॅन्सिअर्स असोसिएशन, म्हणजे सीएफए, ही संस्था स्थापन झाली आणि प्रदर्शनांची सूत्रं हळूहळू अशा संस्थांकडे गेली. मेनचं मांजर शेतावरचं, फुकट मिळणारं. त्याला कोण विचारतो? श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतून ते परत कोठारात गेलं. १९५० च्या दशकात तर मेन कून नामशेष झालं असं सांगितलं जाऊ लागलं.

यातला विनोद कळला का? मांजर मेलं नव्हतं. मेनच्या शेतांवर ते मजेत उंदीर मारत होतं. नामशेष झाली होती ती वहीतली नोंद.

त्याच दशकात मेनमधल्या काही मांजरप्रेमी लोकांनी सेंट्रल मेन कॅट क्लब काढला. प्रदर्शनं भरवली, छायाचित्रं मांडली, आणि मेन कून म्हणजे नेमकं काय याचे पहिले लेखी निकष तयार केले. १९६८ मधे ब्रीडर लोकांची स्वतंत्र संघटना उभी राहिली. सीएफएनं मान्यतेचे अर्ज तीनदा फेटाळले. अखेर १९७५ मधे तात्पुरती आणि १९७६ मधे पूर्ण मान्यता मिळाली. १९८५ मधे मेन राज्यानं त्याला आपलं राज्य-मांजर म्हणून जाहीर केलं. चांदीच्या पट्ट्यानंतर वहीत कायमचं नाव लागायला ऐंशी वर्षं गेली.

नॉर्वे: देवीचा रथ आणि मांजराच्या कातड्याचे हातमोजे

आता नॉर्वेकडे. तिथे या मांजराला 'स्कोगकॅट' म्हणतात. सरळ अर्थ, रानमांजर. पण आपल्याकडे रानमांजर म्हणजे खरंच जंगली प्राणी, तसा हा नाही. हे शेतावरचं पाळीव मांजर, फक्त रानात हिंडणारं.

याच्या गोष्टी मेनहून जुन्या आहेत. तेराव्या शतकात आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसन यानं नॉर्स पुराणकथा लिहून ठेवल्या. त्यात फ्रेया देवीचा रथ मांजरं ओढतात. दुसऱ्या एका कथेत महाबली थोर एक करडं मांजर उचलायला जातो आणि त्याला त्याचा जेमतेम एक पाय जमिनीवरून उचलता येतो, कारण ते मांजर म्हणजे पृथ्वीला वेढून बसलेला महासर्प असतो. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत या कथा हमखास भेटतात: 'देवीचा रथ ओढणारं तुमचं मांजर!' पण स्नोरीनं त्या मांजरांचे केस लांब होते की आखूड, हे कुठे लिहिलेलं नाही.

उलट एक पुरावा या गोड चित्राच्या विरुद्ध जातो. डेन्मार्कमधे ओडेन्स इथे एका जुन्या खड्ड्यात निदान ६८ मांजरांची हाडं मिळाली, साधारण १०७० सालची. हाडांवरच्या खुणा सांगतात की त्यांची कातडी सोलली होती. एरिक द रेड याच्या गाथेत एक भविष्य सांगणारी बाई येते. तिच्या हातात मांजराच्या कातड्याचे, आतून पांढऱ्या लवेचे मोजे आहेत. म्हणजे ज्या समाजानं देवीच्या रथाला मांजरं जुंपली, त्याच समाजानं त्यांची कातडी पांघरली. पूजा आणि उपयोग एकाच घरात नांदतात, हे आपल्याला नवं नाही. बैलपोळा करणाऱ्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही.

एकोणिसाव्या शतकात आस्ब्यर्नसन आणि मू या जोडीनं नॉर्वेच्या लोककथा गोळा केल्या. त्यात डोव्हरे डोंगराची एक झकास गोष्ट आहे. नाताळच्या आदल्या रात्री एका घरात राक्षस जेवायला घुसतात. त्याच घरात एक वाटसरू आपलं पांढरं अस्वल घेऊन मुक्कामाला आलेला असतो. एक राक्षस त्या अस्वलाला मांजर समजून काटेरी चमच्यानं डिवचतो, आणि मग अस्वल सगळ्यांना पळवून लावतं. पुढच्या वर्षी राक्षस घरमालकाला लांबूनच विचारतो, ते मोठं मांजर अजून आहे का? मालक म्हणतो, आहे की, आणि आता त्याला सात पिल्लं झाली आहेत! राक्षस त्या घराकडे परत फिरकत नाहीत. नॉर्वेच्या माणसाला 'मोठं मांजर' ही कल्पना हसवणारी आणि आवडती होती, एवढं यातून नक्की दिसतं. पण जात सिद्ध होत नाही. गोष्टीतलं मांजर तर अस्वल आहे!

जात म्हणून विचार सुरू झाला १९३० च्या दशकात. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी ही मांजरं ओस्लोच्या प्रदर्शनात मांडली गेली. मग युद्ध आलं, १९४० मधे जर्मनीनं नॉर्वे व्यापला, आणि मांजरांची वही कुणाला आठवणार? युद्धानंतर लक्षात आलं की आखूड केसांच्या मांजरांशी सर्रास संकर होऊन लांब केसांची मूळ मांजरं कमी होत चालली आहेत. इथे एक आनुवंशिक गोष्ट आहे. मांजरात लांब केस अप्रभावी असतात. आई आणि बाप दोघांकडून तो जनुक आला तरच पिल्लू लांब केसांचं निपजतं. त्यामुळे दोन-चार पिढ्यांच्या मोकळ्या संकरात लांब केस दिसेनासे होऊ शकतात.

१९७० च्या दशकात कार्ल-फ्रेड्रिक नोर्दाने यांच्या पुढाकारानं पद्धतशीर काम सुरू झालं. देशभर शोध घेऊन चांगली मांजरं निवडली गेली. पॅन्स ट्रुल्स नावाचा एक बोका आदर्श नमुना ठरला, म्हणजे जातीची व्याख्या त्याच्याकडे बघून लिहिली गेली. १९७७ मधे युरोपच्या फिफे या महासंघानं मान्यता दिली. मेन कूनच्या मान्यतेचं साल आठवतंय? १९७६. एका वर्षाच्या अंतरानं, महासागराच्या दोन काठांवर, दोन शेतमांजरं वहीत दाखल झाली.

रेघ कुणी ओढली?

आता ती रेघ आणि ती डबी आठवा.

शेतावर असताना मेनच्या मांजरांत सरळ नाकाचीही होती, बाकदारही होती. पुष्कळांच्या पायाला पाचाऐवजी सहा-सात बोटं होती. नॉर्वेतही सगळी मांजरं त्रिकोणी डोक्याची नव्हती. पण प्रदर्शनाच्या टेबलावर दोन जाती शेजारी आल्या, की परीक्षकाला त्यांच्यातला फरक दाखवता यायला हवा. म्हणून नियमावलीनं नॉर्वेच्या वाट्याला सरळ रेघ दिली, मेनच्या वाट्याला चौकोनी तोंड. जास्तीची बोटं बाद झाली. मग नियमात बसणारी मांजरं पैदाशीला ठेवली गेली, न बसणारी बाजूला पडली, आणि चाळीस-पन्नास वर्षांत नियमावलीचं चित्र जिवंत मांजरांत उतरलं.

म्हणजे सगळं कागदी आहे का? नाही, तेही खरं नाही. २००७ मधे मांजरांच्या लांब केसांचं मूळ सापडलं. एफजीएफ-५ नावाचा एक जनुक केसांची वाढ कधी थांबवायची ते सांगतो. तो बिघडला की केस वाढत राहतात. या जनुकात चार वेगवेगळे बदल आढळले. त्यातला एक जवळपास सगळ्या लांब केसांच्या जातींत आहे. पण एक बदल नॉर्वेजियन मांजरांत वेगळा सापडला, आणि आणखी एक मेन कून आणि रॅगडॉल यांच्यात. म्हणजे दोन्ही प्रदेशांनी स्वतःची अशी काही खूण खरोखर जपली होती. निसर्गानं फिकट पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं होतं. समितीनं त्यावर शाई फिरवली.

आणि शाईची किंमत असते. नामशेष होण्यातून वाचवलेली जात थोड्या पूर्वजांवर उभी असते. आजच्या मेन कूनच्या वंशावळी मागे नेत गेलात तर १९६०-७० च्या दशकांतल्या मूठभर मांजरांची नावं पुन्हापुन्हा येतात. पूर्वज थोडे, म्हणजे त्यांच्यातला दोषही सगळ्या घराण्यात पसरणार. २००५ मधे मेन कूनमधे हृदयाचा स्नायू जाड करणाऱ्या आजाराशी जोडलेला एक जनुकीय बदल सापडला. तपासलेल्या मांजरांपैकी सुमारे एक तृतीयांशात तो होता. धडधाकट, खेळतं मांजर अचानक कोसळतं, अशी या आजाराची ख्याती आहे. नॉर्वेजियन मांजरांत ग्लायकोजेन साठवणुकीचा एक दुर्मीळ आजार आढळला. आई-बाप दोघंही वाहक असतील तर त्यांची काही पिल्लं जन्मतःच दगावतात, किंवा पाचेक महिन्यांची झाल्यावर स्नायू आणि नसा निकामी होऊ लागतात.

पर्शियनकडे बघा, म्हणजे पुढे काय होऊ शकतं ते दिसेल. शंभर वर्षांपूर्वीच्या छायाचित्रांत पर्शियन मांजराला नाक आहे. बक्षिसांच्या मागे लागून चेहरा चपटा, अधिक चपटा होत गेला, आणि आज त्यातल्या पुष्कळांना श्वास घेताना त्रास होतो, डोळे सतत पाझरतात. ज्या पर्शियननं मेन कूनला प्रदर्शनातून हुसकावलं, त्याच पर्शियनची वाट आता मेन कून धरतंय की काय, अशी शंका येते. 'एक्स्ट्रीम' या नावानं विकली जाणारी मेन कून बघा: तोंड आणखी चौकोनी, कान आणखी उंच, वजन आणखी जास्त. नियमावलीतल्या डबीचा खोका व्हायला लागलाय.

मग घ्यायचं कुठलं?

इतिहास सांगतो की या दोघांतला फरक जातीच्या नावात फार थोडा आहे. मेन कून बोलकं, माणसामागे फिरणारं, चिवचिवल्यासारखा आवाज काढणारं. नॉर्वेजियन जरा अंतर राखणारं, उंच चढणारं, असं ब्रीडर सांगतात, आणि सरासरीनं ते बरोबर असेलही. पण सरासरी आपल्या घरी राहायला येत नसते. येतं एक मांजर, विशिष्ट आई-बापांचं. निवड दोन जातींतली वाटते. खरी निवड असते दोन प्रकारच्या ब्रीडरांमधली. एक जण नियमावलीतलं चित्र ताणत नेतो, दुसरा आई-बापांच्या तपासण्या करून, गरज पडली तर बक्षीस सोडून, निरोगी पिल्लं वाढवतो. पहिल्याकडची दोन्ही मांजरं नाकारा. दुसऱ्याकडे जे मिळेल ते आनंदानं घ्या.

ही दोन्ही मांजरं मुळात कुणाच्या मेहेरबानीवर जगत नव्हती. ती आपल्या हिमतीवर हिवाळे काढत होती. वहीत घेऊन आपण त्यांना वाचवलं असं आपण म्हणतो. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं खरं करायची जबाबदारी आता विकत घेणाऱ्याची आहे.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्नोत्तरं

श्रोता: सर, आपल्या हवेत ही मांजरं टिकतील का?

टिकतात, पण त्यांची सोय तुम्हाला करावी लागते. दोन थरांचा कोट घेऊन मे महिन्यात नागपूरला राहायचं, याची कल्पना करा. थंड खोली, थंड फरशी, भरपूर पाणी हवं. पावसाळ्यात दमट हवेत केसांचे गुंते होतात, त्वचेच्या तक्रारी येतात, म्हणून नियमित विंचरणं आलं. उन्हाळ्यात दिवसभर वीज नसणाऱ्या गावात असाल तर मी दोन्हींपैकी एकही घेऊ नका म्हणेन.

श्रोती: विकणारा म्हणतो, प्युअर आहे. ते कसं ओळखायचं?

रंगावरून किंवा केसांवरून नाही ओळखता येत. लांब केसांचं मोठं साधं मांजरही हुबेहूब मेन कून दिसू शकतं. मुळात मेन कून तेच होतं! वंशावळीचा कागद मागा, शक्य असेल तर पिल्लाची आई समोर बघा, आणि आई-बापांच्या जनुकीय तपासणीचे अहवाल मागा. मेन कून असेल तर हृदयाची सोनोग्राफी झाली आहे का, ते विचारा. आणि एक, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू दुकानात विकायला २०१८ च्या नियमांनी आपल्याकडे बंदी आहे. त्याहून लहान पिल्लू कुणी दाखवलं तर तिथूनच मागे फिरा.

श्रोता: तुम्ही स्वतः कुठलं घ्याल?

(हसून) मी इतिहासाचा माणूस. ज्याला कुठलीच वही नाही, असं मांजर आमच्या जिन्यात रोज येतं. त्याला नाकारायला माझ्याकडे काही कारण सापडलेलं नाही. पण तुम्हाला मोठं, केसाळच हवं असेल, तर वर सांगितलं ते विसरू नका: नाव नंतर विचारा, आई-बाप आधी.